माशाची जात नंतर, आधी पाणी विचारा

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कॅटफिशची तळी आहेत, एकाला लागून एक, नजर पोचेल तिथवर. तळ्यात जाळं टाकण्याआधी तिथे एक चाचणी होते. तळ्यातले एकदोन मासे प्रक्रिया केंद्रात नेतात, तुकडी कापतात, मीठ-मसाला काहीही न लावता मायक्रोवेव्हमध्ये शिजवतात. मग चव घेणं हेच ज्याचं काम आहे असा माणूस आधी वास घेतो आणि नंतर घास. ही चाचणी काढणीच्या काही दिवस आधी होते, ऐन काढणीच्या वेळी होते, मासे गाडीत भरून दारात आले की पुन्हा होते. त्याने नकार दिला तर सबंध तळं थांबतं. मासे निरोगी असतात, वजनाला भरलेले असतात, खाद्य तेच, जातही तीच. शेजारचं तळं त्याच दिवशी पसंत पडतं आणि हे मात्र आठवडेच्या आठवडे, कधी महिने ताटकळतं.

गोड्या पाण्यातला सगळ्यात चविष्ट मासा कोणता, हा वाद कानावर आला की मला या चव घेणाऱ्या माणसाची आठवण होते. वादात प्रत्येकजण एकेक नाव पुढे करतो. कुणी ट्राउट म्हणतो, कुणी मरळ, कुणी पर्च, कुणी ईल. कार्पचं किंवा तिलापियाचं नाव निघालं की निम्मे लोक नाक मुरडतात. मासे खाणाऱ्यांच्या या भांडणात मलाही रस आहे आणि माझी यादीही मी पुढे देणारच आहे. पण माझं म्हणणं असं की नावापासून सुरुवात केली की प्रश्नाची गाडी पहिल्याच वळणावर चुकते. गोड्या पाण्यातल्या माशाची चव निम्म्याहून जास्त ठरते ती त्याचं पाणी, त्याचं खाणं आणि त्याचं मरण या तीन गोष्टींवर. जात त्यानंतर येते. आणि खाणाऱ्याला या तीन गोष्टी कळण्याची सोय बाजाराने जवळजवळ ठेवलेलीच नाही, हा मला चवीइतकाच सार्वजनिक प्रश्न वाटतो.

गोड्या पाण्यातल्या माशावरचा सगळ्यात जुना आरोप म्हणजे तो मातकट लागतो. आरोप खरा आहे, पण आरोपी चुकीचा धरलेला आहे. तो वास माशाचा नसतो. पाण्यातली काही निळी-हिरवी शैवालं आणि मातीतले, गाळातले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं एक द्रव्य तयार करतात. १९६५ साली नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशव्हालिए या दोघांनी त्याला हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मातीचा वास. पहिल्या पावसानंतर जो मृद्गंध आपण छाती भरून घेतो, त्यातलं मुख्य द्रव्य हेच. तेच द्रव्य ताटात आलं की आपण घास बाजूला सारतो. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. एक लिटर पाण्यात १० नॅनोग्रॅमच्या आसपास जिओस्मिन असलं तरी आपल्याला ते जाणवतं. पन्नास मीटर लांबीच्या जलतरण तलावात पंचवीस लाख लिटर पाणी धरलं तर हे प्रमाण होतं २५ मिलिग्रॅम. चिमूटभर मीठ याच्या कितीतरी पट भरेल.

मासा हे द्रव्य मुख्यतः कल्ल्यांतून घेतो. श्वासाबरोबर ते रक्तात जातं आणि मेदात जाऊन बसतं. जोडीला मिथाइलआयसोबोर्निओल नावाचं आणखी एक द्रव्य असतं, त्याचा वास कुबट, बुरसट. दोन्ही निरुपद्रवी आहेत, दोन्हींनी पोट बिघडत नाही. बिघडते ती फक्त चव, आणि माशाचं नाव. उन्हाळ्यात पाणी तापतं, साचतं, शेतातली खतं वाहून येतात, शैवाल फोफावतं, आणि त्या तळ्यातला प्रत्येक मासा, मग तो कितीही नामांकित जातीचा असो, मातकट होतो. तिलापियावर हा डाग जास्त बसला याचं एक कारण असं की तो ही शैवालं खाऊही शकतो, आणि बहुतेकदा तो वाढवला जातो उथळ, कोमट, साचलेल्या पाण्यात. पाणी बदला, तिलापिया बदलतो.

हे नुसतं म्हणणं नाही. घेतलेलं जिओस्मिन मासा परत सोडूही शकतो. स्वच्छ, वाहत्या पाण्यात काही दिवस उपाशी ठेवला की त्याच्या अंगातलं प्रमाण उतरत जातं. मेद कमी आणि पाणी उबदार असेल तर लवकर, मेद जास्त आणि पाणी थंड असेल तर काही आठवड्यांनी. चेक देशातल्या त्रेबोन भागात कार्पची तळी आहेत. त्यांतलं सगळ्यात मोठं रोझम्बेर्क हे तळं १५८४ ते १५९० या काळात बांधलेलं. तिथे कार्प काढतात तो पाणी गार झाल्यावर, शरद ऋतूत, आणि काढला की लगेच विकत नाहीत. वाहत्या स्वच्छ पाण्याच्या हौदांत ठेवतात, मगच तो बाजारात जातो. जिओस्मिन हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या लोकांना माशाला 'धुवून' घ्यावं लागतं हे ठाऊक होतं. ज्या कार्पला जगभर चिखल्या मासा म्हणून हिणवतात, तोच तिथे नावाजला जातो.

उलटं उदाहरणही सांगायला हवं, कारण स्वच्छ दिसणारं पाणी म्हणजे स्वच्छ चव, असाही समज होऊ शकतो. बंदिस्त टाक्यांत तेच तेच पाणी गाळून पुन्हा वापरून मासे वाढवण्याची आधुनिक पद्धत आहे. पाणी काचेसारखं असतं, पण गाळणीवर आणि नळ्यांच्या आत बसलेल्या जिवाणूंच्या थरातून जिओस्मिन तयार होतच राहतं. म्हणून अशा ठिकाणीही विक्रीआधी मासे वेगळ्या ताज्या पाण्यात ठेवावे लागतात. हा टप्पा खर्चाचा, कारण मासा उपाशी असतो आणि रोज थोडं वजन उतरतं. जो उत्पादक तो टप्पा इमानाने पाळतो आणि जो चार दिवस आधीच मासे काढतो, त्या दोघांचा मासा बाजारात एकाच नावाने उभा राहतो. माझी खरी तक्रार इथे आहे.

समुद्री मासा आणि नदीचा मासा यांची तुलना करतानाही हीच गफलत होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. त्या खारेपणापुढे टिकण्यासाठी समुद्री जीव आपल्या पेशींत काही अमिनो आम्लं आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य बाळगतात. अमिनो आम्लांमुळे समुद्री माशाला जिभेवर रेंगाळणारी भरीव चव येते. आणि त्या दुसऱ्या द्रव्याचं मासा मेल्यावर जिवाणू जे करून टाकतात, तोच तो हिवस वास. गोड्या पाण्यातल्या माशाला या साठ्याची गरज नसते. म्हणून त्याची चव सौम्य, पण त्याला हिवसही कमी. मला हा सौम्यपणा उणेपणा वाटत नाही. उलट त्यामुळेच त्याच्या मांसात पाण्याची, खाण्याची, ऋतूची खूण स्पष्ट उमटते, चांगलीही आणि वाईटही. समुद्री माशाची मापं घेऊन याला जोखायला गेलं की तो नेहमीच फिका ठरणार.

खाण्याची खूण म्हणजे काय ते बघायचं तर जपानमधल्या आयू या माशाकडे बघावं. वर्षभराचं आयुष्य असलेला हा लहानसा मासा नदीच्या दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो. ताजा पकडला की त्याला चक्क काकडीचा, कलिंगडाचा वास येतो. जपानीत त्याचं एक नाव ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थच मुळी सुवासिक मासा. हा वास वरून लावलेला नसतो. माशाच्या अंगातल्या मेदाम्लांवर त्याचीच विकरं काम करतात आणि त्यातून काकडीत असतात त्याच जातीची सुगंधी द्रव्यं तयार होतात. अंगातले मेद कसले हे खाण्यावर बरंचसं ठरतं, म्हणून दगडावरचं शेवाळ बदललं की मासाही बदलतो.

अॅमेझॉनच्या खोऱ्यात तांबाकी नावाचा मोठा मासा आहे. पुराचं पाणी जंगलात शिरलं की तो झाडांखाली पोहत जातो आणि पाण्यात पडलेली फळं, टणक बिया आपल्या मजबूत दातांनी फोडून खातो. त्या दिवसांत तो अंगावर चरबी चढवतो आणि तिच्यावर पुढचे टंचाईचे महिने काढतो. त्याच्या बरगडीच्या तुकडीला जी कीर्ती आहे ती या चरबीची, म्हणजे खरं तर त्या जंगलाची. जंगल तोडलं आणि पूर अडवला तर जात तीच राहील, पण कीर्ती राहणार नाही. ट्राउटचं मांस कधी गुलाबी तर कधी पांढरं असतं, लोक ते दोन प्रकारचे ट्राउट समजतात. फरक खाण्याचा असतो. झऱ्यातले बारीक कोळंबीसारखे जीव खाणाऱ्या ट्राउटमध्ये त्यांच्यातला अॅस्टाझँथिन हा रंग उतरतो. संवर्धनात, म्हणजे मासे पाळून वाढवताना, तो खाद्यातून देतात. म्हणजे गुलाबी रंग पाहून चवीची खात्री बाळगणं काही खरं नाही.

आता मरण. या विषयावर बोलायला लोक कचरतात, पण चवीच्या दृष्टीने हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. मासा जाळ्यात किंवा किनाऱ्यावर तासभर तडफडत राहिला की त्याच्या स्नायूंतला शक्तीचा साठा संपतो, लॅक्टिक आम्ल साठतं, मांस लवकर आखडतं आणि पुढे लिबलिबीत होतं. जपानी कोळ्यांची इकेजिमे ही पद्धत नेमकी याच्या उलट चालते. मेंदूत टोकदार सळई घालून मासा एका क्षणात मारायचा, रक्त वाहू द्यायचं, मग मज्जारज्जूत तार घालून स्नायूंची थरथर थांबवायची आणि मासा गार करायचा. यात दया आहे आणि रसायनशास्त्रही आहे. स्नायूंत एटीपी नावाचं शक्तिद्रव्य असतं. मासा शांतपणे मेला तर ते शिल्लक राहतं आणि मग हळूहळू त्याचं इनोसिनेट होतं. शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये वाळवलेल्या बोनिटो माशात ओळखलेलं, माशाच्या भरीव चवीमागचं द्रव्य ते हेच. आणखी वेळ गेला की इनोसिनेटही मोडतं आणि शेवटी हायपोझँथिन उरतं, ज्याची चव कडवट. याचा अर्थ असा की ताज्या माशातही चव चढण्याचा एक काळ असतो आणि उतरण्याचा एक, आणि हे घड्याळ चालू होतं ते मारण्याच्या क्षणापासून. नदीकाठी उत्तम मासा पकडून तो उन्हात टोपलीत ठेवणाऱ्याने जातीची सगळी पुण्याई पहिल्याच तासात घालवलेली असते.

बर्फाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. थंड पाण्यातल्या माशाच्या अंगावरचे जिवाणू थंडीला सरावलेले असतात, म्हणून तो बर्फात ठेवला तरी त्यांचं काम चालू राहतं. उष्ण पाण्यातल्या माशाच्या जिवाणूंना बर्फाचा तडाखा जास्त बसतो. म्हणून उष्ण प्रदेशातला मासा पकडताच बर्फात गेला तर तो थंड प्रदेशातल्या माशाहून जास्त दिवस टिकतो. 'पकडताच' या शब्दावर सगळं अवलंबून आहे.

मरळीच्या लौकिकाचं एक मोठं कारण मला याच मुद्द्यात दिसतं. हा मासा हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, पाण्याबाहेर ओलसर जागी कितीतरी वेळ जिवंत राहतो. त्यामुळे तो जिवंतच बाजारात येतो आणि गिऱ्हाइकासमोर कापला जातो. इतर मासे मेल्यावर प्रवास करतात, मरळ प्रवास करून मरते. तिचं मांस घट्ट आहे, काटे कमी आहेत, हे खरंच. पण ट्राउट किंवा पर्च तेवढाच ताजा मिळाला तर ही स्पर्धा आपण समजतो त्याहून चुरशीची होईल.

जात काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. काट्यांचंच घ्या. कार्पच्या कुळातल्या माशांत आणि पाइकमध्ये मांसाच्या आत इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक सुटे काटे असतात, कार्पमध्ये त्यांची संख्या शंभराच्या आसपास. पाणी कितीही निर्मळ असलं तरी ते विरघळत नाहीत. पाइकचं मांस चवीला उत्तम, पण काट्यांपायी ते कुटून, चाळून घेण्याच्या रीती पडल्या. पर्च, तिलापिया, मरळ यांच्यात या आडव्या काट्यांचा त्रास जवळपास नाही. मेदाचं प्रमाणही जातीनुसार ठरतं. झँडर, पर्च, पाइक यांच्यात ते एक टक्क्याच्या आसपास, ईलमध्ये त्याच्या दहा-वीस पट. स्नायूंचे पदर जाड की बारीक, शिजल्यावर पाकळ्या सुटतात की लगदा होतो, हेही जातीवर आहे.

तेव्हा माझी यादी. सगळ्यात वर मी पर्चच्या कुळातले तीन मासे ठेवतो: युरोपातला झँडर, उत्तर अमेरिकेतला वॉलआय आणि साधा पर्च. मांस पांढरं, घट्ट, पाकळी सुटणारं, काट्यांचा त्रास नाही, गोडसर. आणि एक कारण असं की जे कुणी सांगत नाही: मेद इतका कमी की जिओस्मिनला बसायला फारशी जागाच नसते, म्हणून हे मासे बऱ्यावाईट पाण्यातही आपली अब्रू राखतात. त्यांची पहिली जागा बऱ्याच अंशी यामुळे आहे असं मला वाटतं. मेदाळ माशांत मी 'आर्क्टिक चार' नावाचा मासा निवडतो. उत्तर ध्रुवाच्या दिशेने इतर कुठल्याही गोड्या पाण्यातल्या माशापेक्षा पुढे पोचलेला हा मासा ट्राउटपेक्षा नाजूक आणि सॅमनपेक्षा कमी उग्र. त्याच्या मागोमाग थंड झऱ्याचा ट्राउट आणि मग बर्बट. बर्बट दिसायला अगदीच अनाकर्षक, पण समुद्रातल्या कॉडच्या गणातला हा एकटाच मासा आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो आणि त्याच्या मांसात व यकृतात ते नातं कळतं. मरळ यांच्याच पंगतीत. त्याखाली थंड पाण्यातला, धुतलेला कार्प, ज्याला मी बहुतेकांपेक्षा बरीच वरची जागा देतो. मऊ, रसाळ, किंचित लोण्यासारख्या मांसाची आवड असणाऱ्याला तो झँडरपेक्षाही आवडेल आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

यातला कोणताही मासा कच्चा खाऊ नये, एवढं जाता जाता सांगायला हवं. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून यकृतातले चपटे कृमी माणसात येतात. त्यांतल्या ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी या कृमीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. लिंबू पिळून ते मरत नाहीत. लिंबाचा आणि चिंचेचा उपयोग आहे तो दुसरीकडे: आम्लाने जिओस्मिनचा रेणू मोडतो आणि त्याचा वास जातो. माशाबरोबर आंबट घेण्याची चाल जगात जिथे तिथे का आहे याचा एक धागा इथे सापडतो.

ईलला मी यादीत घेतलेलं नाही. चवीने तो पहिल्या तिनात बसेल. पण युरोपीय ईल २००८ पासून 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे, समुद्रातून नद्यांकडे येणाऱ्या त्याच्या पिल्लांची संख्या १९८० नंतर ९० टक्क्यांहून जास्त घसरली. स्टर्जन माशांचंही तेच. २०२२ च्या आढाव्यात उरलेल्या सगळ्याच्या सगळ्या २६ जाती धोक्यात असल्याचं निघालं आणि त्यांचा जवळचा नातेवाईक, चीनमधला पॅडलफिश, नामशेष जाहीर झाला. 'सगळ्यात चविष्ट' हे बिरुद काही वेळा माशाच्या जिवावर उठतं. जगाने एका नावावर बोट ठेवलं की त्या नावाच्या मागे जाळी, बंदुका, चोरटा व्यापार सगळं लागतं.

बिरुद दुसऱ्या रीतीनेही घात करतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात नाइल पर्च सोडण्यात आला. मोठा, मांसल, काटे कमी, परदेशी बाजारात सहज खपणारा. चांगल्या माशाच्या व्यापारी व्याख्येत तो चपखल बसत होता. पुढच्या काही दशकांत त्या सरोवरातल्या लहान सिक्लिड माशांच्या शेकडो जाती विरळ झाल्या किंवा संपल्या. पाण्यातला गढूळपणा आणि इतरही कारणं होती, पण नाइल पर्चचा वाटा मोठा. त्या शेकडो माशांतला कोणता चवीला कसा होता हे आता कुणी सांगू शकणार नाही. एका जातीला श्रेष्ठ ठरवून तीच सगळीकडे पेरायची, या विचाराची किंमत अशी मोजावी लागते. गोड्या पाण्यात माशांच्या सुमारे १८ हजार जाती आहेत, जगातल्या एकूण माशांच्या निम्म्याहून अधिक. आपण खाण्याच्या वादात त्यांतल्या पंधरावीस नावांतच घोळत बसतो.

आणि आता ज्या उदाहरणामुळे मी या विषयावर लिहायला बसलो ते. कॅनडात ओंटारिओ प्रांतात ग्रासी नॅरोज नावाची मूळनिवासी वस्ती आहे. तिथल्या नदीत वॉलआय होता, माझ्या यादीत सगळ्यात वर असलेला मासा, आणि थंड उत्तरेकडच्या पाण्यातला. लोक तोच खात, मासेमारीच्या सहलींवर येणाऱ्यांना तोच रांधून घालत. १९६२ ते १९७० या काळात वरच्या अंगाच्या एका रसायन कारखान्यातून सुमारे ९ टन पारा त्या नदीत गेला. तो लहान जीवांतून मोठ्या माशांत चढत गेला आणि माशांतून माणसांत. १९७० मध्ये व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. १९७५ मध्ये जपानहून मासाझुमी हारादा आले. मिनामाता गावातल्या पाऱ्याच्या विषबाधेवर काम केलेले हे डॉक्टर. त्यांना तिथल्या लोकांत तीच लक्षणं दिसली. पिढ्या उलटल्या, तरी त्या नदीचा प्रश्न मिटलेला नाही.

त्या वॉलआयच्या चवीत पारा लागत नव्हता. मासा तसाच गोड, तसाच पांढरा, तशीच पाकळी. जिओस्मिन निरुपद्रवी असून पहिल्याच घासाला ओरडून उठतो, पारा घातक असून गप्प बसतो. म्हणून जिभेवर सगळं सोपवून चालत नाही आणि जातीच्या नावावर तर मुळीच नाही. खाणाऱ्याला हवं असतं ते पाण्याचं नाव.

बाजार आपल्याला काय सांगतो? जातीचं नाव सांगतो, तेही भांडणं करून. अमेरिकेत २००२ मध्ये कायदा झाला की कॅटफिश हे नाव फक्त तिथल्या एका कुळातल्या माशांनाच लावायचं. व्हिएतनामहून येणाऱ्या पंगाशियस माशाला ते मिळणार नाही. नावावरून देशांत वाद पेटला, पण कुठल्या पाण्यातला मासा हे गिऱ्हाइकाला सांगण्याची तळमळ त्या वादात कुठे दिसली नाही. युरोपीय संघाचा २०१३ चा नियम पुष्कळ पुढे गेलेला आहे. गोड्या पाण्यात पकडलेल्या माशाबरोबर त्या नदीचं किंवा सरोवराचं नाव द्यावं लागतं. मला हा नियम मनापासून आवडतो. पण संवर्धनातल्या माशाबाबत तोच नियम फक्त देशाच्या नावावर थांबतो. आणि आज जगाच्या ताटात येणारा गोड्या पाण्यातला मासा बहुतांशी संवर्धनातला आहे. अन्न आणि कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये प्रथमच पकडलेल्यापेक्षा वाढवलेल्या जलचर प्राण्यांचं उत्पादन जास्त झालं, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक अंतर्गत भागातल्या तळ्याटाक्यांतलं. म्हणजे जिथे पाण्याचा फरक सगळ्यात मोठा, तिथेच खाणाऱ्याला सगळ्यात कमी माहिती.

माझी मागणी मोठी नाही. संवर्धन केंद्राचं किंवा जलाशयाचं नाव, काढणीची तारीख आणि विक्रीआधी मासा ताज्या पाण्यात किती दिवस ठेवला होता ते. एवढ्या तीन ओळी माशाबरोबर याव्यात. मोठ्या भक्षक माशांच्या बाबतीत त्या पाण्यातल्या पाऱ्याच्या तपासणीचा निकाल चौथी ओळ म्हणून यावा.

यावर आक्षेप येतो तो खर्चाचा. गोड्या पाण्यातला मासा हा कमी पैशात मिळणारा प्रथिनांचा आधार आहे, त्याच्यावर कागदांचं ओझं टाकू नका, असं म्हणतात. या आक्षेपाकडे मी दुर्लक्ष करत नाही. पण काढणीची तारीख उत्पादकाकडे असतेच. तळ्याचं नाव त्याला माहीत असतंच. मिसिसिपीतल्या चाचणीला एक मायक्रोवेव्ह आणि एक तयार नाक लागतं. आणि खराब पाण्यातला मासा नावाशिवाय विकला जातो तेव्हा त्याचा भुर्दंड सगळ्यात जास्त कुणाला बसतो, तर चांगलं पाणी सांभाळणाऱ्या लहान उत्पादकाला आणि ज्याला पर्याय नाही अशा गिऱ्हाइकाला. ज्याच्याकडे पैसा आहे तो दुसरं काहीतरी खाईल.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पाणी जितकं स्वच्छ तितका मासा उत्तम, हे तरी खरं का? पूर्णपणे नाही. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधोमध कॉन्स्टन्स सरोवर आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सांडपाण्यामुळे तिथे फॉस्फरसचं प्रमाण लिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं होतं. सांडपाणी शुद्ध करायला सुरुवात झाली आणि आता ते १० च्या खाली आहे. पाणी निवळलं, पण त्या पाण्यातल्या व्हाइटफिशचं अन्नही घटलं. त्यात बाहेरून आलेल्या शिंपल्यांची आणि स्टिकलबॅक माशांची भर पडली. मासे कमी होत गेले, सावकाश वाढू लागले. काही कोळ्यांनी तर फॉस्फरस थोडा वाढू द्या अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही, आणि होऊ नये असंच माझं मत आहे, कारण ते सरोवर लाखो लोकांचं पिण्याचं पाणी आहे. पण त्या कोळ्यांची अडचण खोटी नाही. चांगलं पाणी म्हणजे निर्जीव पाणी नव्हे, आणि प्रत्येक पाण्याचं चांगलंपण वेगळं असतं. म्हणूनच मला 'शुद्ध पाण्यातला मासा' अशी मोघम जाहिरात नको आहे, सरोवराचं नाव हवं आहे.

जानेवारी २०२४ पासून कॉन्स्टन्स सरोवरात व्हाइटफिशची मासेमारी तीन वर्षांसाठी थांबवण्यात आली. काठावरच्या लोकांच्या ताटात आता दुसरीकडून आलेला व्हाइटफिश पडतो. तीच जात, तेच नाव. युरोपातला नियम असल्यामुळे, तो पकडलेला असेल तर त्याच्याबरोबर दुसऱ्या पाण्याचं नाव येतं आणि खाणाऱ्याला आपल्या सरोवरात काय कमी झालं आहे ते रोज वाचायला मिळतं. तो वाढवलेला असेल, तर फक्त देशाचं नाव.